लाल टोपी, केशरी टोपी

कोपरखैरण्याहून एका पशुवैद्य डॉक्टरांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं : ‘मी ३३ वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी सरांनी खारघरला दुसरी शाखा काढली आणि इथलं क्लिनिक माझ्या हवाली केलं. हाताखाली दोन ज्युनियर डॉक्टर, तीन अटेंडंट, रिसेप्शनला एक मुलगी. पगार वाढला, पाटीवर नाव लागलं, पण सुट्टीच्या दिवशीही फोन थांबत नाही. गेल्या महिन्यात एका ज्युनियरने मधुमेह असलेल्या मांजराच्या मालकांना, एका आजोबांना, ग्लार्जिन इन्सुलिनबरोबर लाल टोपीची सिरिंज दिली. डोस २ युनिटांचा होता. दुसऱ्या दिवशी मांजर मान टाकून आलं. वाचलं, पण मी त्या मुलीला सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासून ती प्रत्येक गोष्टीला “मॅडम, हे देऊ का?” विचारते. बावीस वर्षं इथे असलेले अटेंडंट काका फक्त सरांचं ऐकतात. आणि सर खारघरहून थेट रिसेप्शनला फोन करून माझ्या अपॉइंटमेंट बदलतात. पुढारपण माझ्या स्वभावातच नाही का? एमबीए करू? की संघटनेच्या कमिटीवर जाऊ?’

डॉक्टर, सिरिंजपासूनच सुरुवात करू. तुमचे बाकीचे प्रश्नही त्याच ट्रेमध्ये पडले आहेत.

आधी झालं काय ते आकड्यांत मांडा. ग्लार्जिन बहुतेक एका मिलीला १०० युनिट असतं, त्याची सिरिंज केशरी टोपीची. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या साध्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या, त्यांची सिरिंज लाल टोपीची. आजोबांनी लाल सिरिंज २ च्या रेषेपर्यंत भरली. ती रेषा म्हणजे ०.०५ मिली. आणि १०० च्या इन्सुलिनचं ०.०५ मिली म्हणजे ५ युनिट. अडीच पट. आजोबांचा हात जराही चुकला नव्हता. हेच उलटं झालं असतं, ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजने दिलं गेलं असतं, तर मांजराला २ ऐवजी ०.८ युनिट मिळालं असतं. साखर उतरली नसती आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून डोस चढवत नेला असता. मग एखाद्या दिवशी कुणीतरी बरोबर सिरिंज दिली असती, आणि तेव्हा खरा घोटाळा झाला असता.

आता ट्रेकडे बघा. दोन्ही टोप्या एकाच खणात पडलेल्या असतात का? चिठ्ठीवर नुसतं ‘२ युनिट’ लिहितात, की ‘१०० चं इन्सुलिन, केशरी टोपी’ असंही लिहितात? घरी पाठवण्याआधी मालकाकडून एकदा साध्या पाण्याने सिरिंज भरून दाखवून घेता का? ही तिन्ही छिद्रं तुमच्या अखत्यारीतली आहेत, त्या मुलीच्या नव्हे. दोन डबे, तेही दोन वेगळ्या कपाटांत. चिठ्ठीवर टोपीचा रंग शब्दांत. मालकाने भरून दाखवल्याशिवाय बिल नाही. एवढं लावून दिलं की काल रुजू झालेल्या इंटर्नलाही ती चूक करायला कष्ट पडतील. झापण्याने यातलं काहीच होत नाही. उलट पुढची चूक तुमच्यापर्यंत पोचायची बंद होते, आणि भुलीच्या, इन्सुलिनच्या, केमोच्या कामात हे फार महागात पडतं.

तिच्याशी बोलायचं राहून गेलंय, ते याच आठवड्यात उरका. केबिनमध्ये, दार लावून, दहा मिनिटं. ‘त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले, ते माझं चुकलं. सिरिंज एकत्र ठेवल्या जात होत्या, ते मी आधी बघायला हवं होतं.’ इथे थांबा. याला ‘पण तूसुद्धा...’ जोडलंत की माफी तिथेच संपली. आणि झापलं होतं चारचौघांत, म्हणून डबे वेगळे केल्याचं आणि ते का केल्याचंही चारचौघांतच सांगायचं.

आता ‘मॅडम, हे देऊ का?’ मुलगी घाबरली आहे हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की कुठला निर्णय तिचा आणि कुठला तुमचा, हे तुमच्या क्लिनिकमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. ते इतके दिवस तुमच्या चेहऱ्यावरून ओळखायचं होतं. एक कोरा कागद घ्या, तीन रकाने पाडा : ‘करा, विचारू नका’, ‘करा आणि लगेच कळवा’, ‘आधी विचारा’. रकाने दोन्ही ज्युनियरना भरू द्या, मग तुम्ही लाल पेनाने इकडचं तिकडे करा. तुम्ही स्वतः भरलेत तर तो आणखी एक हुकूम होईल.

पहिल्या रकान्यात निरोगी पिल्लाची लस, आज काट्यावर घेतलेल्या वजनावर जंताचं औषध, कान साफ करणं, ड्रेसिंग, गोचीड तापाच्या संशयात तपासणीसाठी काचेवर रक्ताचा थेंब पसरून घेणं असं सगळं येईल. तिसऱ्यात दया-मरण, म्हाताऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या जनावराची भूल, स्टेरॉइड चालू असताना वेदनाशामक देणं, आणि ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्चाचा अंदाज. रक्कम आकड्यात लिहा. ‘मोठं बिल’ म्हणजे प्रत्येकाच्या लेखी वेगळं.

सगळ्यात जास्त डोकं लावायचं ते मधल्या रकान्यावर, कारण जनावरं मरतात ती इथे. लघवी तुंबलेला बोका घ्या. दिवसभर लघवीच्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, थेंब येत नाही, पोटात लघवीची टणक, फुगलेली पिशवी लागते. याच्या रक्तात पोटॅशियम चढत असतं आणि हृदय मंद होत असतं. अशा वेळी ज्युनियर तुमचा फोन लागायची वाट बघत बसली तर तुम्ही तिला नीट शिकवलेलं नाही. व्हेन (शीर) पकडायची, ईसीजी लावायचा, पोटॅशियम बघायचं, गरज असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट हळू, ईसीजीवर नजर ठेवून द्यायचं आणि मग फोन. तसंच मे महिन्यात धापा टाकत आलेला पग : ताप ४१ अंशांच्या वर असेल तर नळाचं पाणी आणि पंखा ताबडतोब सुरू, ३९.५ ला थांबवायचं, बर्फात बुडवायचं नाही. हे सगळं रकान्यात याच भाषेत लिहा. ‘इमर्जन्सीला प्राथमिक उपचार’ असं लिहिलंत तर कागद वाया गेला.

दर महिन्याला तिसऱ्या रकान्यातली एक तरी गोष्ट दुसऱ्यात आणि दुसऱ्यातली एक पहिल्यात सरकली पाहिजे. तुमची वाढ मोजायला यापेक्षा बरी पट्टी आम्हाला माहीत नाही.

तोपर्यंत ती दारात येऊन ‘हे देऊ का?’ म्हणालीच, तर लगेच हो-नाही करू नका. ‘तू काय देतेयस, किती किलोला, आणि देऊन काय बिघडू शकतं?’ एवढं विचारा. तिन्ही उत्तरं बरोबर आली की ‘दे’. मिनिटभर जास्त जातं. रविवारच्या गर्दीत हे जमणार नाही, तिथे सरळ उत्तर द्या आणि वाईट वाटून घेऊ नका. शिकवायचे वार मंगळवार-बुधवार.

ऑपरेशनचंही तसंच. तुमचा हात चांगला आहे हे पत्रावरून कळतं, आणि तोच आडवा येतोय : सगळ्या नसबंद्या तुमच्याच टेबलावर. क्रम लावून द्या. आधी बोक्याची, मग कुत्र्याची, मग मांजरीची, मग दहा किलोच्या आतल्या तरुण कुत्रीची. चरबी साठलेली लॅब्रॅडोर सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीवर आधी तिने तुमचं बघायचं, मग मदतनीस व्हायचं, मग स्वतः करायचं आणि तुम्ही समोर हात धुऊन उभं राहायचं, शेवटी ती आत आणि तुम्ही शेजारच्या खोलीत. अंडाशयाच्या देठाची गाठ ही खरी परीक्षा. घाईत सैल बसते, मग क्लॅम्प सोडला की देठ आत निसटतो आणि पोट रक्ताने भरतं. क्लॅम्प सोडण्याआधी देठ चिमट्यात हलकेच धरून ठेवायचा, सोडून बघायचं, रक्त नाही ना ते पाहूनच आत जाऊ द्यायचं. हे तिच्या हाताला लागेपर्यंत तुम्ही समोर हवंच.

पण समोर उभं राहून नीडल होल्डर, म्हणजे टाके घालायचा चिमटा, हिसकायचा नाही. आधीच सांगून ठेवा की मी फक्त तीन कारणांनी हात घालीन : देठ निसटला, समोरचा भाग ओळखता येत नाहीये, किंवा भूल बिघडली. बाकी वेळी ती कितीही हळू असो, हात मागे बांधून उभं राहायचं. तुम्हाला वीस मिनिटं लागतात त्या कामाला तिला तासभर लागेल, म्हणून त्या सकाळी दोनच केस घ्या, आणि सरांना त्याचं कारण आधी सांगा.

आता काका. बावीस वर्षांत त्यांच्या बोटांना पार्वोने (उलट्या-हगवणीच्या संसर्गाने) सुकलेल्या पिल्लाची व्हेन कळते, चावऱ्या कुत्र्याचं तोंड पट्टीने कसं बांधायचं ते कळतं. अशा माणसाला ‘काका, प्लीज जरा’ म्हणत राहिलात तर तो ‘हो हो’ म्हणतो आणि सरांची वाट बघतो. त्यांना खातं द्या. भुलीच्या मशीनचं खातं.

म्हणजे नेमकं काय, ते त्यांच्याबरोबर एकदा उभं राहून करा. रोज पहिल्या केसआधी : पॉप-ऑफ वाल्व (जास्तीची हवा बाहेर सोडणारी झडप) बंद. नळीच्या तोंडावर अंगठा. ऑक्सिजनने बॅग फुगवायची, दाबाच्या गेजवर पाण्याचे ३० सेंटिमीटर येईपर्यंत. ऑक्सिजन बंद. दहा सेकंद काटा हलता कामा नये. हलला तर गळती आहे, आणि आयसोफ्लुरेन, म्हणजे भुलीचा वायू, तुमच्या स्टाफच्या नाकात जाणार. आता यातली महत्त्वाची पायरी : अंगठा तसाच ठेवून आधी वाल्व उघडायचा, हवा वाल्वमधून फस्सकन जाऊ द्यायची, मग अंगठा काढायचा. बरेच जण आधी अंगठा काढतात. हवा निघून जाते, बॅग बसते, सगळं ठीक दिसतं आणि वाल्व बंदच राहतो. मग कुत्रा जोडला की बॅग फुग्यासारखी ताणत जाते, छातीतला दाब चढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, रक्तदाब कोसळतो, फुप्फुस फाटतं. काही मिनिटांचा खेळ. दर वेळी जनावर जोडण्याआधी काकांनी मोठ्याने म्हणायचं, ‘वाल्व उघडा आहे’, आणि डॉक्टरने बघून म्हणायचं, ‘उघडा आहे.’ काका ‘थांबा’ म्हणाले तर काम थांबणार, टेबलाशी तुम्ही असा नाहीतर सर. असा अधिकार हातात आला की माणूस ऐकत नाही ही तक्रार बरीचशी विरते. सगळी नाही, थोडा अहं उरणारच, तो तुमच्यातही आहे.

मात्र एक रेघ काकांसमोर स्वच्छ ओढा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० प्रमाणे उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. ओळखीच्या माणसाच्या कुत्र्याला डॉक्टरच्या माघारी ‘तेच नेहमीचं इंजेक्शन’ टोचणं बंद. भुलीचं केटामाइन शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतलं; त्याची किल्ली आणि नोंदवही डॉक्टरकडे. हे एकट्यात, बसून, ‘तुम्ही’ म्हणत सांगायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही आणि मालकांसमोर तर नाहीच.

रिसेप्शनच्या मुलीलाही एक निर्णय पूर्ण द्या. लस अपुरी झालेलं पिल्लू, उलट्या आणि रक्ताची हगवण, असा फोन आला की पार्वोचा संशय धरायचा आणि त्याला वेटिंगमध्ये बसवायचं नाही. मालकाने गाडीत किंवा रिक्षातच थांबायचं आणि मागच्या दाराने वेगळ्या खोलीत यायचं. हे ठरवायला तिला कुणालाही विचारायचं नाही. नंतर फरशी आणि टेबल एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. आधी घाण पुसून, नाहीतर ब्लीच घाणीवरच खर्च होतं.

सरांकडे फोनवर बोलू नका, खारघरला जाऊन बसा. एका कागदावर पाच ओळी न्या : ड्युटी चार्ट, अपॉइंटमेंट, बिलातली सवलत, खरेदीची मर्यादा, माणसं घेणं-काढणं. प्रत्येकीसमोर जागा रिकामी. ‘यातलं काय मी ठरवायचं, काय तुम्हाला विचारून, काय तुम्हीच, ते तुम्ही लिहा, सर.’ अपॉइंटमेंटचं गाऱ्हाणं मानापमानाच्या भाषेत मांडू नका. असं मांडा : ‘काल तुम्ही वेळ पुढे ढकललीत, रिसेप्शनच्या मुलीला ते मला सांगता आलं नाही, आणि रात्रीपासून उपाशी ठेवलेला कुत्रा दोन तास ताटकळला.’ सर लगेच मान डोलावतील आणि चार दिवसांत पुन्हा तिलाच फोन करतील. सवय आहे ती. त्यासाठी मुलीला एक वाक्य पाठ करून द्या : ‘सर, मॅडमना विचारून पाच मिनिटांत कळवते.’ ते म्हणायची हिंमत तिला तुमच्या पाठिंब्यावरच येईल. तीन महिन्यांतही तो कागद कोराच राहिला तर मात्र तुम्हाला पद मिळालेलं नाही, फक्त पाटी मिळाली आहे. तेव्हा पुन्हा लिहा, ते वेगळं पत्र होईल.

रोज सकाळी दहा मिनिटं, उभ्याउभ्या, फळ्यासमोर. फळ्यावर पिंजरा, नाव, आजचं वजन, सलाईनचा वेग, पुढचा डोस किती वाजता, आणि कोण देणार. शेवटच्या रकान्यात माणसाचं नाव हवं. ‘स्टाफ’ असं लिहिलेला डोस दोनदा तरी दिला जातो किंवा एकदाही नाही. तुम्ही कमीत कमी बोला. दहाची वीस मिनिटं झाली तर ते प्रवचन आहे असं समजा. आणि रविवारचा चार्ट गुरुवारीच बघा. लोक घरी असतात म्हणून आपल्याकडे गर्दी रविवारी, आणि ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉकही नेमका रविवारीच. ज्यांना ठाण्याहून गाडी बदलून यायचं त्यांना त्या दिवशी दुपारची पाळी, आणि सकाळी तेच, जे ऐरोली-घणसोलीहून एनएमएमटीच्या बसने येऊ शकतात. उशिरा आला म्हणून बोलण्यापेक्षा हे सोपं.

स्टाफच्या रेबीजच्या लसींची यादी कुणाकडे आहे? झाडूवाल्या मावशींसकट सगळ्यांची, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. चावा झाल्यावर साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटं. आधी लस झालेली असली तरी त्याच दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी असे दोन डोस. पावसाळ्यात लेप्टोच्या (लघवीतून माणसालाही लागणाऱ्या आजाराच्या) संशयातल्या कुत्र्याचा पिंजरा हातमोज्यांशिवाय कुणी धुवायचा नाही, लघवीला उघड्या हाताने शिवायचं नाही. यादी सरांकडे असेल तर मागून घ्या. माणसं तुमची आहेत.

एमबीए? आत्ता नको. तुम्हाला जे येत नाही ते म्हणजे क्लिनिकचा हिशेब वाचणं, आणि त्याला दोन वर्षांची पदवी लागत नाही. महिन्यातून एक तास अकाउंटंटसोबत बसा : औषधखरेदी, पगार, भाडं, उधारी, आणि मुदत संपून फेकून दिलेलं औषध. शेवटचा आकडा पहिल्यांदा बघाल तेव्हा धक्का बसेल. कमिटीचं म्हणाल, तर जा, पण एखाद्या बुधवारी दुपारची मीटिंग फोन बंद ठेवून पूर्ण करता येईल तेव्हा. तोवर बाहेरचं काम करायचंच असेल तर २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला जवळच्या महापालिकेच्या शाळेत अर्धा तास मराठीत बोलायला जा, आणि बोलायला त्या ज्युनियरला उभं करा.

दीडेक महिन्याने एक रविवार सुट्टी घ्या. आदल्या दिवशी फळ्यावर लिहा की मॅडमना फोन करायची कारणं तीन : टेबलावर रक्त थांबत नाही, स्टाफला चावा झालाय, किंवा मालक दया-मरण मागताहेत आणि डॉक्टरला पटत नाहीये. फोन चौथ्याच कारणासाठी येईल, हे नक्की. उचला, मदत करा, आणि फोन ठेवण्याआधी विचारा की हे कुठल्या रकान्यात लिहिलंय. कुठेच नसेल, तर सोमवारी सकाळी पेन त्या ज्युनियरच्या हातात द्या.